सुतार निर्दोष आहे

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझे यजमान खुशाल असाल असं धरून चालतो. आम्ही दोघंही बरे आहोत. अक्षर बघून दचकू नकोस. हे पत्र मी स्वतः लिहितोय, खोक्यांवर पत्ता लिहायच्या जाड काळ्या पेनने, एका पानावर सात ओळी. (म्हणून पाकीट फुगलंय. आत भेटवस्तू नाही.)

माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय हे तुला ठाऊक आहे. कडेचं सगळं दिसतं, मधलं गायब. घड्याळ दिसतं, काटे नाहीत. माणूस येताना दिसतो, पण त्याला तोंड नसतं. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून लोकांच्या वेलांट्या सुधारल्या आणि शेवटी औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता येईना. दीड वर्ष तुझी पत्रं तुझ्या वहिनीने वाचून दाखवली. ती पत्र वाचते म्हणजे बातम्यांचे मथळे वाचते. मध्येच थांबते, पानं उलटल्याचा आवाज येतो आणि एकदम ‘कळावे’. विचारलं तर म्हणते, काही नाही, तेच ते. आता नणंदेच्या पत्रातलं ‘तेच ते’ भावजय गाळते म्हटल्यावर कुठल्या नवऱ्याला संशय येणार नाही? मला वाटलं, तू तिच्याबद्दल काहीतरी झणझणीत लिहीत असणार. ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचंच, या एका हट्टापायी मी कमी दिसणाऱ्यांच्या वाचनवर्गात नाव घातलं. (घरात सांगितलं, औषधांची नावं वाचायला शिकतोय.)

तिथल्या बाई तुझ्या मुलीच्या वयाच्या, पण आवाज हेडमास्तरांचा. समोर बसून म्हणाल्या, माझ्या चेहऱ्याभोवती घड्याळ आहे असं समजा, एकेका आकड्याकडे बघा आणि माझं नाक कधी दिसतं ते सांगा. तीनकडे बघितलं, नाक नाही. सहाकडे, नऊकडे, नाही. बाराकडे बघितलं आणि नाक, चष्मा, सगळ्या बाई हजर! बाई आनंदाने ओरडल्या, आजोबा, तुमचे बारा वाजलेत! (हे छापखान्याच्या मालकांनी वीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, पण इतक्या प्रेमाने नाही.) थोडक्यात, मधलं गेलं तरी कडेची नजर शाबूत असते, तिला कामाला लावायचं. जे बघायचंय त्याच्याकडे चक्क कानाडोळा करायचा, की ते दिसतं.

घरात हे ठीक आहे, बाहेर पंचाईत होते. कुणाचा चेहरा बघायचा तर मला त्याच्या डोक्यावर बघावं लागतं. शेजारच्या वकिलांचे केस त्यांचे स्वतःचे नाहीत, हे मला ते गडबडून केस चाचपू लागले तेव्हा कळलं. हल्ली मी दिसलो की ते टोपी घालतात. बँकेतल्या कारकुनाच्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ आहे. मी त्याचा चेहरा शोधत होतो, त्याला वाटलं मी वेळ दाखवतोय. माझं काम पाच मिनिटांत झालं आणि वर त्यानेच माफी मागितली.

वाचताना मात्र घाम निघाला. ओळीकडे बघायचं नाही, तिच्या वरच्या कोऱ्या जागेकडे बघायचं. डोळा हलवायचा नाही, कागद सरकवायचा. कागदावर काळा पुठ्ठा, त्याला एका ओळीपुरती खाच, हातात भिंग आणि कानाशी दिवा. पहिले तीन आठवडे डोकेदुखीशिवाय काही हाती लागलं नाही. दोनदा पुठ्ठा फेकला, बाईंनी दोनदा उचलून दिला. मग गेल्या मंगळवारी तुझं पत्र खाचेखालून सरकवताना पहिला शब्द उमटला: ‘सूतार’. दीर्घ! अगं, शाळेपासून सांगतोय, सुतारातला सु ऱ्हस्व. वहिनीने शंभरदा वाचलं असतं तरी ही चूक मला ऐकू आली नसती. ती मी बघितली आणि खुर्चीत बसल्या बसल्या ढसाढसा रडलो. बाई घाबरल्या, त्यांना वाटलं घरून वाईट बातमी आली.

ती तीन पानं मी चार दिवसांत वाचली. वहिनीबद्दल अवाक्षर नाही! (खोटं कशाला बोलू, थोडी निराशा झाली.) तिन्ही पानं सुतारावर. नव्या खिडकीचे गज त्याने मधोमध वाकडे बसवले, दोनदा काढून लावले तरी तेच, आणि यजमान ओळंबा धरून सरळ आहेत म्हणतात म्हणजे तेही त्याला फितूर. वहिनीची मी माफी मागितली. तिने ती दिली आणि सोबत आठवडाभराची भांडीही दिली.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवायला जागा उरली नाही.

तुझा,
बारा वाजलेला दादा

ता. क. पुढचं पत्र जाड पेनने, एकाआड एक ओळ सोडून लिही. शुद्धलेखन आहे तसंच असू दे.

ता. क. दुसरा. खरं काम आता सांगतो. सुतार निर्दोष आहे. यजमानही. माझं दुखणं असंच सुरू झालं होतं. छापखान्यातल्या शेवटच्या वर्षी, ओळी वाकड्या लावतोस म्हणून मी जुळणी करणाऱ्या बिचाऱ्याला महिनाभर छळलं. मग चष्मा पुसण्यात आठ महिने घालवले. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तर बरीच नजर राखता आली असती. तुला अजून उशीर झाला नसेल. फोनवर हे सांगितलं असतं तर तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवला असतास. डॉक्टरांचं नाव काढलं की तुला ऐकू येत नाही. मला तुझी फार काळजी वाटते आहे.

ता. क. तिसरा. या पानामागे मी चौकटी आखल्या आहेत, मधोमध एक ठिपका आहे. चष्मा लाव, एक डोळा झाक, ठिपक्याकडे बघ. मग दुसरा. एकही रेघ वाकलेली दिसली तर आज चप्पल घालायची आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. उद्या नाही. रेघा सरळ आहेत. पट्टी तुझ्या वहिनीने धरली होती, आणि ती कुणाला फितूर होत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?