गटारातले चार नारळ

सलिल,

तुझ्या चौथ्या तक्रारीची दखल घेऊन काउन्सिलचा माणूस आज येऊन गेला. समोरचं गटार शेजारच्या कॉलिनच्या झाडाच्या पानांनी तुंबतं, असं तू ॲपवर फोटोंसकट लिहिलं होतंस ना? आतून आपल्या पूजांचे चार नारळ आणि झेंडूच्या कुजक्या माळा निघाल्या. निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडतोस म्हणे! धन्य आहेस. बघायला अख्खी स्ट्रीट जमली होती. म्हाताऱ्या कॉलिनने नारळ नळाखाली धुऊन माझ्या हातात दिले.

मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या शिफ्टला जातेय. नारळ ओट्यावर आहेत, पाचव्या तक्रारीला त्यांचा फोटो जोड. त्याआधी कॉलिनकडे जा. कालच्या पावसाचं पाणी त्याच्या गॅरेजमध्ये शिरलंय, एकटाच उपसतोय. बादली दाराशी ठेवली आहे.

यामिनी