एसटीनं येणारा डबा

१ जुलै, मंगळवार

आले एकदाची. राजारामपुरीत कॉट बेसिसवर खोली — तीन कॉट, दोन रिकाम्या. त्यांवरच्या पोरी दुसऱ्या वर्षाच्या, पुढच्या आठवड्यात येणार. घरमालकीण बायडाबाई म्हणाल्या, लाइट-पंखा बंद करून जायचं. बास, एवढंच बोलल्या.

निघताना आई उंबऱ्यापर्यंतसुद्धा आली नाही. वारणानगरात घरापासून पाच मिनिटांवर कॉलेज असताना कोल्हापूर कशाला, हे तिचं एकच पालुपद. मी म्हटलं, इथं मला सगळे डेअरीतल्या अंजनाची पोरगी म्हणूनच ओळखतात. ते फार लागलं तिला. म्हणाली, "मग जा की. परत मला काय इचारू नको." तेव्हापासून बोलणं बंद.

आण्णांनी बॅग गाडीत चढवली. डबा रोज सकाळच्या एसटीनं येईल म्हणाले.

२ जुलै

डबा आला! नऊला स्टँडवर गाडी लागली, ड्रायव्हरमामांनी केबिनमधनं पिशवी काढून दिली. पिशवीवर पेनानं माझं नाव — संयोगिता. रिकामा डबा दुपारच्या गाडीनं परत द्यायचा, तिकडं आण्णा उतरवून घेतात. कारखान्याचा हंगाम संपलाय, ते घरीच आहेत.

भाकरी मात्र जाडजूड, कडेला कच्ची. आईची भाकरी अशी? सगळी कॉलनी नाव काढते तिच्या भाकरीचं! पाचला डेअरीत जायच्या आधी रागारागात थापत असणार. दुसरं काय.

३ जुलै

आमटीत मीठच नाही. संध्याकाळी फोन केला. आण्णाच बोलले — "आई कामात हाय." मागनं तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

४ जुलै

कॉलेज बघून आले. वर्ग मंगळवारपासून. चौदा नंबरची खोली सापडेना, सापडली तर कुलूप. खिडकीतनं बाकं बघितली. पहिल्या बाकावर बसलं तर शहाणी म्हणतील, शेवटच्यावर बसलं तर उनाड. वॉचमन म्हणाला, मंगळवारी ये की पोरी. दिवसभरात माझ्याशी बोललेला तो एकटाच माणूस.

वेळापत्रक दोनदा उतरवून काढलं. काम काय आहे दुसरं!

५ जुलै

चार वह्या, दोन पेन, नव्या चपला. मंगळवारचा ड्रेस इस्त्री करून शेजारच्या कॉटवर पसरून ठेवलाय. तेवढंच कुणीतरी असल्यासारखं वाटतं.

वर्गात नाव विचारतील म्हणून आरशासमोर सांगून बघितलं. आवाजच फुटेना. चार दिवस धड कुणाशी बोललेच नाही.

६ जुलै, एकादशी

आज हद्द झाली.

आषाढी. वाटलं, आज तरी आई वरीचा भात देईल, दाण्याची आमटी देईल. पाचवीपासून मी तिच्याबरोबर हा उपास धरते. डबा उघडला — भाकरी, आणि कांदा घालून केलेलं पिठलं! आमच्या घरात आजच्या दिवशी कांद्याला हातसुद्धा लावत नाहीत. आणि हिनं चिरून, परतून, डब्यात भरून पाठवला. आपल्या हातानं माझी एकादशी मोडायला निघाली. इतकी परकी झाले मी?

तशीच उपाशी बसले. बायडाबाईंनी फराळाचं विचारलं, झाला म्हटलं. मग वहीचं पान फाडलं आणि लिहिलं — "एवढा राग असेल तर उद्यापासून डबा पाठवू नको. तुझ्या हातची भाकरी घशाखाली उतरत नाही." भरल्या डब्यात चिठ्ठी ठेवली, दुपारच्या गाडीला दिला.

गाडी गेल्यावर रडले. स्टँडवरच. लोक बघत होते, बघू देत.

७ जुलै

डबा आला नाही.

अकरापर्यंत येईल ती गाडी बघितली. घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. परत लावायचं धाडस झालं नाही.

बॅग भरलीय. उद्या वर्गाला जाणार नाही. सकाळची गाडी आली की त्याच गाडीनं परत जाते, आईच्या पाया पडते आणि तिथल्याच कॉलेजात नाव घालते. नाही जमत मला हे एकटं राहणं. झालं!

८ जुलै

बॅग घेऊन स्टँडवर गेले. ड्रायव्हरमामांनी पिशवी पुढं केली. भाकरीवर चिठ्ठी, आण्णांच्या अक्षरात —

"भाकरी मी करतोय. आई पाचला गेली की. तिला म्हाईत न्हाय, कळलं तर बंद करंल. एकादशी ध्यानातच ऱ्हायली न्हाय, चुकलं माझं. काल हात धजला न्हाय. पर पोरगी उपाशी वर्गात बसंल म्हणून आज परत थापली."

म्हणजे आईनं एकदाही डबा पाठवला नाही. एकदाही नाही.

तिथंच बाकड्यावर बसून दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. गाडी परत निघाली तेव्हा मामांनी विचारलं, येतीस न्हवं? नाही म्हटलं. खोलीवर जायला वेळ नव्हता. बॅग घेऊन तशीच वर्गाला गेले.