भाग्येशची जागा

प्रिय वैष्णवी,

सवयीने ‘चि. सौ.’ लिहायला पेन टेकवलं आणि ‘सौ’पाशी हात अडला. तो कागद चुरगळून टाकला आणि हा दुसरा घेतला, म्हणून नुसतं प्रिय. प्रिय तर तू आहेसच, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आता म्हणशील, आईंना पत्र लिहायचं काय खूळ सुचलं, फोन आहे की. पण फोनवर तू ‘हो आई, बरं आई, जेवले आई’ एवढंच बोलतेस, आणि मग मीही नाशिकला थंडी किती, एडवणला वारा किती, असलं काहीतरी बोलून फोन ठेवते. कागदावर तुला मधेच ‘बरं आई’ म्हणता येणार नाही. निवांत बस आणि वाच.

वाडीचं ठीक चाललंय. केळी बरी आहेत, पानवेलींना यंदा खाऱ्या वाऱ्याने जरा मार दिला. पण ही काही बातमी नव्हे. बातमी अशी, की भाग्येशच्या गाडीला त्याला हवी होती ती पाती बसवून आणली. आठवतं ना, जायच्या आधी महिनाभर नुसतं तेच डोक्यात होतं त्याच्या. मागच्या बाजूने दोन पाती असलेलं स्टिअरिंग, उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. किती हसली होतीस तू! गिअर टाकायला लागू नयेत म्हणून एवढी मोठी ऑटोमॅटिक गाडी घेतली आणि आता तुझ्या नवऱ्याला हातानेच गिअर टाकायची हौस आली, म्हणून. आणि तो आपला गंभीर चेहऱ्याने सांगत होता, की मनोरहून येताना वाघोबाच्या खिंडीत मागे ट्रक लागला की गाडी आपल्या मुठीत हवी. बोईसरला गाड्यांचं सामान बसवणाऱ्या विश्रामकडे त्याने ते मागवायला सांगितलं होतं. ते आलं, पण हा राहिला नाही.

आता तुला जे ठाऊक आहे तेच पुन्हा लिहिते, कारण आपण दोघी त्याबद्दल कधी बोललोच नाही. सातपाटीच्या धक्क्यावर पापलेट घेता घेता भाग्येश खाली बसला आणि उठलाच नाही. त्याच्याबरोबर त्याचा दोस्त मितेश होता. सगळं आटोपल्यावर मितेशनेच गाडी घरी आणून लावली. मितेशची उंची तू जाणतेसच, लहानपणापासून भाग्येशच्या खांद्याला लागायचा. त्याने सीट पार पुढे ओढून गाडी चालवली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे कागद काढायला बाबांनी भाग्येशच्या किल्लीने दार उघडलं, आणि आपण सगळे अंगणात उभे असताना ती सीट आपोआप गुरगुरत मागे सरकली, खाली बसली, दोन्ही बाजूचे आरसे वळले, आणि तो बसायचा तसं सगळं जागेवर आलं. जणू कुणी आत येऊन नीट टेकून बसलं. तू माझा दंड धरलास तेव्हा तुझी नखं रुतली होती. नंतर मितेशने समजावलं, की त्या किल्लीला एक नंबरचं बटण जोडलेलं असतं, मालकाची जागा गाडी लक्षात ठेवते; बंद केली की उतरायला सोपं जावं म्हणून सीट जरा मागे सरते, आणि त्या किल्लीने दार उघडलं की पुन्हा त्याच जागेवर येते. समजलं. पण समजून काय होतं?

तेव्हापासून त्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. बॅटरी मरू नये म्हणून बाबा दर आठवड्याला गाडी चालू करायचे, पण बाहेर उभं राहूनच. ब्रेक दाबल्याशिवाय ती चालू होत नाही, तर हा माणूस वाकून काठीच्या टोकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्या हाताने बटण. मग मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसायचे, तासन् तास. जणू पुढे कुणीतरी गाडी चालवतंय. मी चहा नेऊन द्यायचे आणि माझीही नजर आरशाकडे जायची. त्या आरशात बसणाऱ्याला मागचं बरोबर दिसावं असा तो वळलेला असायचा, आणि मला वाटायचं, आत्ता तो त्यातून माझ्याकडे बघेल. मला भुताखेतांची भीती नाही, तुला माहीत आहे. खरं सांगायचं तर मी वाट बघायचे.

आणि मग विश्रामचा फोन आला. तो दुकान हलवतोय, वस्तू पडून आहे, घेऊन जा नाहीतर बसवून घ्या. बाबा म्हणाले, ‘टाकून दे म्हनावं. गाडीला कोन हात लावनार नाय.’ मी म्हटलं, त्याने हौसेने मागवलेली शेवटची वस्तू, ती भंगारात टाकू? चांगलीच जुंपली आमची. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्या शब्दाबाहेर गेले अशा वेळा फार नाहीत, म्हणजे त्यांना कळलेल्या फार नाहीत. पण या वेळी मी सरळ मितेशला बोलावलं. तर हा पठ्ठ्या सीट पुढे घ्यायला तयार होईना. ‘काकी, त्याची जागा मी नाय हलवनार.’ शेवटी माझ्या पलंगावरची उशी त्याने पाठीमागे घातली, आणि एडवणहून केळवे-माहीम, पालघर करत बोईसरपर्यंत तो त्या सीटच्या टोकावर बसून, पाय ताणून गाडी चालवत गेला. मी शेजारी. हसावं की रडावं कळेना, दोघांनाही.

विश्राम बडबड्या माणूस. नवीन म्हणजे नवीन नव्हतंच ते स्टिअरिंग, अशाच एका मोडीत काढलेल्या गाडीचं होतं, दिल्लीकडून आलेलं. चामडं एका बाजूला अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेलं. कुणाचा अंगठा, तो माणूस धडधाकट आहे की नाही, देव जाणे. मी विचारलं तर विश्राम म्हणतो, ‘काकी, टेन्शन नका घेऊ, अपना रोज का काम है.’ मग म्हणाला, आत एअरबॅग असते, बॅटरी सोडवल्याशिवाय हात लावला तर तोंडावर फुटेल. आणि जोडल्यावर लॅपटॉपने गाडीला शिकवावं लागतं, की बाई, आता तुला पाती आहेत. मी विचारलं, यात गाडी जुनं काही विसरणार तर नाही ना? त्याने खांदे उडवले. कधी राहतं, कधी जातं. सीटबिट परत सेट करा, दोन मिनिटांचं काम. त्याच्या दृष्टीने दोन मिनिटांचं. वैष्णवी, तिथून उठून यावं असं मला शंभरदा वाटलं. एका हाताला त्याची हौस आणि दुसऱ्या हाताला तो स्वतः, असं झालं होतं. तरी बसून राहिले. जुनं स्टिअरिंग काढून त्याने माझ्या मांडीवर ठेवलं. परातीएवढं जड असतं ग ते. मी त्याच्या कडेवरून हात फिरवत बसले.

काम झालं. विश्रामने गाडी बंद केली, किल्ली माझ्या हातात दिली. मी दार लावलं आणि पुन्हा उघडलं. सीट गप्प. आरसे गप्प. मितेशने तोंड फिरवलं. विश्रामला कळलं असावं, तो एकदम हळू आवाजात म्हणाला, ‘काकी, मेमरी गेली, पण सीट अजून होती तिथेच आहे. हे सेटचं बटण दाबा, मग एक नंबर दाबा. झालं परत पहिल्यासारखं.’ खरंच तेवढंच होतं. मी वाकले, बोट बटणावर ठेवलं. आणि दाबवेना. आजवर तो आपल्या पायाने येऊन बसत होता, निदान मला तसं मानता येत होतं. आता मी त्याला धरून आणून बसवायचं, आणि रोज दचकायचं नाटक करायचं? माझ्याच्याने होईना. मी बोट काढलं आणि मितेशला म्हटलं, उशी काढ, सीट पुढे घे आणि माणसासारखी चालव. तो रडत रडत बसला, पण सीट पुढे घेतली. माहीमच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तेव्हा त्याने उजवं पातं ओढून पाहिलं, मग डावं. गाडी एकदम हुंकारली. ‘साल्याला मजा आली असती,’ म्हणाला. मी म्हटलं, खूप आली असती.

घरी बाबा अंगणात उभेच. त्यांनी किल्ली घेतली, दार उघडलं आणि वाट पाहिली. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘गेला ना?’ मी सगळं सांगितलं, बटणाचंही, मी दाबलं नाही तेही. वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. त्यांनी काठी बाजूला टेकवली आणि ते पुढच्या सीटवर जाऊन बसले, स्टिअरिंग धरून. आणि मग रडले. सातपाटीहून त्याला आणलं तेव्हा रडले नव्हते, दहाव्याला नाही, वर्षश्राद्धालाही नाही. मी शेजारच्या सीटवर बसले, आणि पोराबद्दल आम्ही पहिल्यांदा एकमेकांशी बोललो. तो आता नाही हे धरून बोललो, असं म्हणते मी.

एवढं लांबण कशासाठी लावलं ते आता सांगते. बोईसरला गेलो त्याच्या आदल्या रविवारी तुझ्या आईचा फोन आला होता. सुजीतचं स्थळ चालून आलंय, माणूस भला आहे, तुला तो आवडतोही, आणि तरी तू नाही कळवलंस. कारण काय, तर ‘एडवणच्या घराला सोसणार नाही.’ अगं, एडवणचं घर म्हणजे आम्ही दोघं. आम्हांला विचारलंस कधी? तू इथून निघताना त्या गाडीच्या दाराला हात लावून नमस्कार करायचीस, मला ते कधीच आवडलं नाही. तर त्या दिवशी गाडीतच मी बाबांना सुजीतबद्दल सांगितलं. त्यांनी बाहीने डोळे पुसले. मग म्हणाले, ‘पोरीला सांग, आमाला दुसरा पोरगा मिलनार नाय. पन तिला नवरा मिलंल. मंग तिनी कशाला आमच्यासारखं बसून ऱ्हायाचं?’ हे त्यांचे शब्द, मी एकही बदललेला नाही. तेव्हा वैष्णवी, तो माणूस आवडला नाही तर खुशाल नाही म्हण. पण आमचं नाव पुढे करून नाही म्हणू नकोस.

तुझीच,
एडवणची आई