ओल्या सांध्यांवरचं वेष्टण

चि. भगीरथ,
ताईचा आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

इथे समुद्रातल्या तेलाच्या पाइपांना ऊब टिकवणारं वेष्टण घालतात, नाहीतर तेल मेणासारखं थिजून पाइप तुंबतो. आमच्या दिव्य साहेबांनी घाईत ओल्या सांध्यांवरच वेष्टण चढवलं. मी म्हटलं, हे सुटणार. तर म्हणतात, "मॅडम, समुद्रात ओलंच होणार ना!" आपल्या म्हसा गावच्या जत्रेतले बैल याहून बरा विचार करतात.

तपासणीची सही मी दिली नाही. सही नाही तर नोकरी नाही, म्हणे. मी पेन पर्समध्ये टाकलं.

कल्याणला न्यायला येऊ नकोस, मुरबाडची एसटी मला सापडते. आईला एवढंच सांग, की ताईला रजा मिळाली. किती दिवसांची, ते मी आल्यावर बघेन.

तुझी,
पारूताई