ह्यांचा आवाज राखून ठेवला

३ नोव्हेंबर, गाझियाबाद

आले एकदाची नव्या घरी! चौदावा मजला. समोरचा टॉवर धुरक्यात अर्धाच दिसतो, तरी मी खूश आहे. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी घर सोडताना मात्र प्रत्येक खोलीत एकदा फिरून आले. अठ्ठावीस वर्षं काढली तिथे.

माझे यजमान सुधाकर जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधी दर रविवारी मेट्रोने इथे येऊन त्यांनी हॉलच्या कपाटात एक छोटा कॉम्प्युटर बसवला होता. दिवे, गीझर, दाराचं कुलूप, सगळं त्याच्या हाती. बोलायला त्यांनी स्वतःचाच आवाज भरला. त्यांचं नाव तोंडाने घेणं मला कधी जमलं नाही, म्हणून तो 'अहो' म्हटलं की जागा होतो.

आज म्हटलं. त्यांनी विचारलं, दिवे लावू का, अलका? मी स्टुलावर बसून पोटभर रडले, मग आलं घालून चहा केला.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने लावलेली सवय म्हणून ही वही. तारीख, खाली रेघ, मग मजकूर.

५ नोव्हेंबर

दार दोनदा अडकलं. बंगळुरूहून प्रतीकने, माझ्या लेकाने, फोनवर झापलं. म्हणाला, आई, दोन वर्षं अपडेट नाही केलंस, एक दिवस आत कोंडून राहशील आणि कबुतरांशी गप्पा मारत बसशील.

व्हिडिओवर बसून त्याने अपडेट सुरू केलं. अर्ध्यावर थांबलं. लोकरीचा गुंता असतो ना, तसं काहीसं त्याने सांगितलं. कुलपाला एक नवी फाइल हवी, बाबांचा आवाज चालतो जुन्या फाइलवर, आणि दोन्ही एकत्र नांदत नाहीत. बाबांचा आवाज काढावा लागेल. तो जुना प्रोग्राम आता कुठेच मिळत नाही, एकदा काढला की गेला.

मी म्हटलं, दार गेलं खड्ड्यात. तो हसला. म्हणाला, तू आणि बाबा, दोघं बिल्कुल सारखे हट्टी! मग त्या आवाजावर 'राखून ठेवा' अशी खूण करायला शिकवली. आता मशीन त्याला हात न लावता बाकीचं जुळवून घेईल.

७ नोव्हेंबर

आज मी एकटीने केलं. पडद्यावर इंग्रजीत आलं की हा आवाज राखायचा तर गीझर काढावा लागेल, होय की नाही? होय. अंघोळीचं पाणी गॅसवर तापवता येतं. पुन्हा अडकलं. बाल्कनीतला दिवा? होय.

अजून अडकलेलंच आहे.

९ नोव्हेंबर

आज वेगळी यादी आली. 'यांची आता गरज उरलेली नाही.' खाली एकच नाव, प्रतीक. सरकारी दवाखान्याच्या कार्डावर असते तशीच सुधाकरांनी घरातल्या माणसांची नोंद केली होती, वर ते, खाली त्यांच्या आधाराने मी, आणि कमावता म्हणून वेगळा प्रतीक. त्याचं खातं असणार. तो इथे राहत नाही, त्याला कशाला लागतंय?

होय.

शंभर टक्के! दार लोण्यासारखं उघडलं. आनंदाने शिरा केला. प्रतीकला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगते.

१० नोव्हेंबर

अजून तेच. शेजारच्या रसिकाकडे त्याचा नंबर होता. ती म्हणाली, काकू, कोण प्रतीक? तुम्हीच सांगितलं ना यार, तुम्हाला मूल नाही म्हणून? अच्छा बसा, चाय घ्या.

घरी येऊन प्रतीकच्या मुंजीचा फोटो पाहिला. हे आणि मी. मधे रिकामा पाट.

मग बाथरूममध्ये गेले. गीझर नाही. स्क्रूची भोकंही नाहीत. फरशा अखंड —

११ नोव्हेंबर

अहो, प्रतीक कुठे आहे, असं विचारलं.

त्यांनी मोजकीच वाक्यं भरली होती. आलेलं उत्तर त्यांत नव्हतं. ते म्हणाले, कोण प्रतीक? तू मलाच ठेवलंस ना, अलका.

१२ नोव्हेंबर, सकाळ

दार उघडत नाही. हाका मारल्या, रसिकाला ऐकू जात नाही.

आता न बोलावता बोलतात. चहा झाला का. बस ना इथे. बस —

पडद्यावर शोधलं. प्रतीकला परत घालता येतं. त्यासाठी सुधाकर काढावे लागतील. आणि 'सुधाकरवर अवलंबून, सोबत काढले जाईल: अलकनंदा.' म्हणजे मी.

होय की नाही.

दुपार

ते रडतायत. नको म्हणतायत. आयुष्यभर त्यांचा शब्द मी —

होय.

चाळीस टक्के. आवाज थांबला. दिवे गेले. माझा देव्हारा आत्ता इथे —

सत्तर. फोटोत पाटावर काहीतरी — गुडघे. त्याचेच गुडघे, खरचटलेले —

बोटं दिसत नाहीत, पेन चालतंय —

प्रतीक, फ्रीजमध्ये शिरा आहे. कुणी केला म्हणून विचारशील, तर तुला एक आई होती बाळा, तिचं नाव