पहिली जाग

नागपूर
शुक्रवार, मार्च १९८६

प्रिय चंद्रकला,

बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि आधी डोळे मिटून घेतले. मग पाहिलं. खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पाहिलं.

सोमवारी उमरेडला जाताना तू म्हणालीस, "फेकून दे वं त्या बशा. माझं शिक्षण संपलं." मी मान हलवली. फेकल्या नाहीत. तू करायचीस तसंच रोज जुनं पोषक द्रव काढलं, नवं घातलं. एका रांगेत वाढघटकाचा थेंब, दुसरीत नाही. मेंदूकडून येणारं संप्रेरक दोन्हींत नाही. सरांना कळलं तेव्हा म्हणाले, "इन्क्युबेटर काय धर्मशाळा आहे?" पण काढून टाका म्हणाले नाहीत.

खाटिकखान्यातली ती सकाळ आठवते. बकऱ्यांची अंडाशयं तू कोमट थर्मासात ठेवत होतीस. खाटीक हसला. "बाई, हे कुत्रंबी खात नाही. कशाले नेऊन राहिल्या?" "पाहाले," तू म्हणालीस, एवढंच. पुढच्या खेपेपासून तो आपणहून ती बाजूला काढून ठेवू लागला. तुझ्यासमोर माणसं अशी का वागतात, ते मला अजून उमगलेलं नाही.

आणि सरांचा तो तास. अंडाशयातली अंडपेशी आणि तिच्याभोवती पेशींचं एवढंसं वेटोळं, ती पुटिका. ती झोपलेली असते, मेंदूचा हुकूम आला की वाढू लागते. सगळ्यांनी उतरवून घेतलं. तू उभी राहिलीस. हुकूम पुढे लागत असेल, पण पहिली जाग शेजारच्या पेशीच देत असतील, म्हणालीस. कशावरून, सरांनी विचारलं. "आमच्या गल्लीत पहाटे कोणी कोणाले उठवत नाही, सर. शेजारचा माग वाजला का जाग येते." वर्ग हसला. सर म्हणाले, "हे विणकाम नव्हे." तुझे कान लाल झाले होते, पण तू खाली बसली नाहीस. शेजारच्या पेशी जो सोडत असतील असं तुला वाटत होतं, त्या वाढघटकाची कुपी परदेशातून मिळेपर्यंत पत्रं लिहीत राहिलीस.

तर ऐक. थेंबाविना ठेवलेल्या पुटिकांपैकी पुष्कळशा मेल्या, उरलेल्या होत्या तशाच आहेत. थेंबाच्या रांगेत, अंडपेशीभोवती एकेरी थर होता तिथे आता दोन आहेत, काहींत तीन. पेशी एकमेकींना खेटून बसल्यात. मी किती तरी वेळ उठलेच नाही.

दुपारी तुझा भाऊ बळीराम भेटला, सूत न्यायला आलाय. रविवारी तुझं साक्षगंध आहे आणि मुलाकडच्यांनी शिक्षण सोडायची अट घातलीय, हे त्याच्याकडून कळलं. तो म्हणाला, "ताई म्हणे, हातात दाखवाले काही असतं तर बाबांशी बोलली असती." आता आहे. नाही म्हण, असं मी सांगत नाही. उत्तर देण्याआधी हे तुझ्याजवळ असावं, म्हणून लिहिलं.

तुझीच, न ऐकणारी,
गोपिका

ता. क. शनिवार. सकाळी बळीराम पत्र घ्यायला प्रयोगशाळेत आला, तेवढ्यात सर आले. बशी त्यांनी बराच वेळ पाहिली. मग चष्मा पुसत विचारलं, "कधी येते ती?" मी काही बोलायच्या आत बळीराम म्हणाला, "बाबांशी मी बोलतो, सर." त्याची बस सुटेल, म्हणून थांबते.