होळीचं तळं

१८ नोव्हेंबर १९९७
दिवाळीची सुट्टी संपली. नववी ब, नागरिकशास्त्र. नगरपालिकेची कामं विचारली, सगळ्यांनी घडाघडा म्हणून दाखवली. मग नयना राऊत उठली. "बाई, आमच्या होळी गावातल्या तळ्यात डेब्रिजच्या गाड्या रिकाम्या करतात. ते कुणाला विचारून?" पुस्तकात उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. शनिवारी बघायला जाऊ म्हटलं.
घरी आल्यावर हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शाळेतल्या फिलोमिनाला उद्या डब्याच्या वेळी सांगेन.

२२ नोव्हें.
बारा जण आले. तळं निम्मं उरलंय. पलीकडे राऊतांची केळी, अलीकडे विटांचे तुकडे, फुटकी बेसिनं. कपडे धुणारी एक बाई मुलांना म्हणाली, "पानी आटला नाय गो, आटवला." परतीच्या वाटेवर मुलं माणिकपूरला पोचेपर्यंत ठरवून मोकळी : सोमवारी पालिकेत जाऊन विचारायचं. मी सुचवलेलं नाही. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

२४ नोव्हें.
शाळा सुटल्यावर पालिकेत. टेबलामागचे गृहस्थ हसले. "तुमची मतं कुठे आहेत अजून?"
नयना म्हणाली, "मतं नाहीत. तळ्याशेजारी आमची वाडी आहे."
त्यांनी हसणं थांबवलं. "माणूस पाठवून पाहतो," म्हणाले.

२५ नोव्हें.
फिलोमिनाने डबा उघडलाच नाही. नऊ वर्षं एका टेबलावर जेवतोय आम्ही. माझ्या टायफॉइडच्या आजारपणात पेज तिनेच आणली होती.
"त्या तळ्याच्या भरणीचं काम माझ्या दिराचं आहे. तुला माहीत नव्हतं?"
नव्हतं. खरंच.
"मग आता कळलं. थांबव पोरांना."
म्हटलं, प्रश्न त्यांचा आहे, मी कसा थांबवू?
"तू सांगितलंस तर थांबतील. तुझंच ऐकतात ती."
मी सांगितलं नाही. तिने डबा तसाच पिशवीत ठेवला.

२८ नोव्हें.
मुख्याध्यापकांनी बोलावलं. "नागरिकशास्त्र वीस मार्कांचं आहे ना बाई? वीस मार्कांपुरतंच शिकवा." आवाज न चढवता. फि. आता खिडकीजवळच्या टेबलावर बसते. मी वर्गातच जेवले.

३ डिसेंबर
नयनाचे वडील घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. कुणीतरी वाडीवर येऊन 'मुलीला सांभाळा' म्हणून गेलंय.
"तुम्ही एकट्या आहात बाई, तुमचं काय. आम्हाला तिथंच राहायचंय."
बरोबरच आहे. पण ते गेल्यावर बराच वेळ दार लावायचं सुचलं नाही.

४ डिसें.
वर्गात सांगून टाकलं, आता पुरे, परीक्षेला लागा. नयना मान खाली घालून नकाशा रंगवत होती.

१७ डिसें.
गाड्या थांबल्यात म्हणे. पालिकेमुळे, की भरणी दुसरीकडे चालू आहे म्हणून, कोण सांगणार. फि. ला विचारता आलं असतं, पूर्वी.

२५ डिसें.
नाताळ. दरवर्षी दुपारी तिच्याकडे जेवायला असते. सकाळी साडी नेसून बसले. मग बदलली. वरणभात.
संध्याकाळी चर्चवरून चक्कर मारली. ती आपल्या घराच्या अंगणात होती, नातवाला कडेवर घेऊन. तिने पाहिलं. हात अर्धा वर केला, की नातवाचं टोपडं सारखं केलं, नीट दिसलं नाही.

४ जानेवारी १९९८
दुपारी बेल. नयना आणि पाच जणी. बसल्या नाहीत. सुट्टीत त्या तळ्याभोवतीच्या प्रत्येक घरी जाऊन आल्या, दोन्ही काठांच्या आळ्यांत. मला पत्ताच नाही. आज चार वाजता देवळासमोर गावची बैठक लावलीय, नगरसेवकही येणार आहेत.
मी चपला शोधायला लागले.
नयना अडखळत म्हणाली, "बाई, तुम्ही नका येऊ. तुम्ही आलात की सगळे म्हणतात, हे बाईंनी शिकवलंय."
"आणि बाबा?"
"त्यांना सांगितलंय. येतील की नाही, माहीत नाही."
"बरं," म्हटलं.
गॅलरीतून बघत होते. रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडल्या, सहाही जणी एकाच रिक्षात कोंबून बसल्या. कुणी वर पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.
आता साडेपाच. बैठक चालू असेल. किंवा संपलीही असेल. उद्या वर्गात कळेल.